झोपमोड

मुंगळ्याला गाडी जोडायला दोन वर्षं लागली. सांगाडा भंगारातून आणलेला, इंजिन एका गॅरेजवाल्याकडे वर्षभर फुकट टायर बदलून मिळवलेलं. मातीच्या वाटांसाठी बनलेली उंच मोटरसायकल, नंबरप्लेट नाही, आणि मुंगळा ती भर डांबरी रस्त्यावर एका चाकावर पळवायचा. दर रविवारी टोळीचा म्होरक्या कप्तान वीस-पंचवीस पोरं घेऊन शहरभर असाच सुटायचा. तेराव्या वर्षी मुंगळा त्यांच्यामागे सायकल दामटायचा. पंधराव्या वर्षी त्यांच्यातला झाला. टोपणनावही त्यांनीच दिलेलं. मान तुटली तरी हा धरलेलं सोडत नाही, म्हणून.

आईवडील गेल्यापासून तो ताईकडे राहायचा. भाऊजी पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला भट्टीवर होते.

एका रविवारी त्याने पाच वर्षांच्या भाच्याला टाकीवर बसवलं आणि पूल एका चाकावर पार केला. पोराने जेवताना हात पसरून सगळं सांगितलं. भाऊजींनी ताट सरकवलं. दोन दिवसांनी पोलीस जिन्याखालची गाडी घेऊन गेले. तिसऱ्या आठवड्यात मैदानात चाळीस जप्त गाड्या आडव्या टाकून, कॅमेरे लावून, त्यांच्यावरून रोलर फिरवला. मुंगळ्याने कुंपणाबाहेरून पाहिलं. लाल टाकी पत्रावळीसारखी सपाट झाली.

"मीच कळवलं," बूट काढता काढता भाऊजी म्हणाले. "पोराला गाडीवर घेऊ नकोस, दोनदा बजावलं होतं. तू नुसती मान हलवलीस."

मुंगळ्याने तेव्हाही मान हलवली. पण मनात डूख धरला.

भाऊजी सकाळी नऊला झोपत, चारला उठत. मुंगळ्याने कप्तानाला तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सायलेन्सर काढलेली एक-एक गाडी खिडकीखालून जाऊ लागली. ठरलेली वेळ नव्हती, आणि खरी मेख तिथेच होती. मुंगळा बंद दाराला कान लावून बसायचा. आतून घोरणं सुरू झालं की फोनवर निरोप धाडायचा. दोन मिनिटांत भिंती थरथरायच्या. भाचा खिडकीत टाळ्या पिटायचा, "आली, मामाच्या मित्राची गाडी आली!"

भाऊजींनी कानात कापूस घातला, डोक्यावर उशी घेतली. डोळे खोल गेले. एकदा पिठात मीठ दोनदा पडलं, अख्खा घाणा फेकावा लागला, मालकाने चारचौघांत झाडलं. ताईने हे सांगितलं तेव्हा मुंगळ्याने दोन घास जास्त खाल्ले.

पंधराव्या दिवशी भाऊजी हाताला पट्टी बांधून आले. उभ्याउभ्या डुलकी लागली आणि कोपरापर्यंतचा हात भट्टीच्या दाराला चिकटला. मुंगळ्याला आतून गार वाटलं. रोलर फिरला त्यानंतर पहिल्यांदाच.

दुपारी ताई पट्टी बदलत होती. भाऊजी बसल्या जागी पेंगले. जाग येऊ नये म्हणून ती भाजलेला हात तळव्यावर तोलून तशीच थांबली, श्वाससुद्धा जपून घेत. तेवढ्यात खाली गाडी गरजली. भाऊजी दचकले, हात टेबलावर आपटला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मुंगळ्याने कधीच ऐकला नव्हता.

आज त्याने निरोप धाडलाच नव्हता.

तो धावत कप्तानाकडे गेला. "बास आता. झालं माझं."

"तुझं झालं असेल," कप्तान हसला. "पोरांना चटक लागलीय. लोक व्हिडिओ बघतायत. आणि तू कोण रे थांबवणारा? बुडाखाली गाडी तरी आहे का?"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मुंगळा गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. पहिल्याने शिव्या देत गाडी वळवली. दुसऱ्याचं हँडल कोपर सोलून गेलं. तिसरा कप्तान. एका चाकावर, सरळ अंगावर. मुंगळा जागचा हलला नाही. वीतभर अंतरावर पुढचं चाक धप्पकन खाली आलं.

"गद्दार!"

"बरं," मुंगळा म्हणाला.

नऊ दिवस तो तिथे उभा होता. दहाव्या दिवशी कुणी आलं नाही. चार वाजता भाऊजी खाली उतरले. गालावर उशीचे वळ होते.

"दाराशी तूच बसायचास. दाराखालून सावली दिसायची."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या ताईला दोघांमधून एक निवडायला लागला असता."

मुंगळा म्हणाला, "माझी गाडी चिरडलीत तुम्ही. मी माफ करणार नाही."

"नको करूस," भाऊजी पट्टी सावरत म्हणाले. "मी तरी कुठे केलंय? चल, ताट वाढलंय तिने."

दोघे जिना चढले, एकामागे एक, मधे दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून.