आखाजीचे मांडे

मृणालच्या आईच्या, मनकर्णाबाईंच्या, अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून मृणालच तिला भरवत होती. न्हाऊ घालणं, वेणी, लुगडं, सगळं तीच. सिंधीपुऱ्यातल्या बायका म्हणायच्या, लेक असावी तर अशी. म्हणायला काय जातं! घास भरवायला त्यातली एकही फिरकली नाही.

जवळच्या चांदनी गावच्या शाळेतला अक्षय मास्तर मृणालशी लग्नाला तयार होता. "आई आपल्या हातानं जेवायला लागली की येते," एवढंच तिनं त्याला सांगितलं होतं. तो थांबला, पुष्कळ थांबला. गेल्या महिन्यात त्याचा साखरपुडा दुसरीकडे झाला. त्या दिवशी आईनं डाव्या हातानं लेकीचं डोकं कुरवाळलं. "तुझ्या नशिबातच नव्हता, बेटा," म्हणाली.

आज आखाजी, अक्षय तृतीयेचा सण. गल्लीतल्या साऱ्या लेकी माहेरी आलेल्या. आखाजीला पुरणाचे मांडे हवेतच, आणि मांड्यांत आईचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. यंदा शेजारच्या अलकाकाकू अंगणातल्या चुलीवर खापर पालथं घालून बसल्या. आईला त्यांच्याजवळ खुर्चीत बसवून मृणाल रसाचे आंबे आणायला गेली.

परतली ती फाटकातच थबकली. काकूंचा मांडा हातावरच फाटला होता आणि आई करवादत होती, "रहाने दे वं! सारं पुरन राखेत घालशील. आन इकडं!"

आईनं गोळा घेतला. या हातावरून त्या हातावर झुलवत पार कोपरापर्यंत पसरला आणि अलगद खापरावर टाकला. एक सुरकुती नाही.

"मृणाल, बघ गं! देवच पावला!" काकू ओरडल्या.

आईनं वळून पाहिलं. उजवा हात पटकन मांडीवर पाडला.

"केव्हापासून, आई?"

"दिवाळीपासून," आई खाली बघत म्हणाली. "सांगितलं असतं तर तू चांदनीला निघून गेली असतीस. मग मला कोन?"

दिवाळी! तेव्हा अक्षय वाट बघत होता. मृणालच्या अंगाची लाही लाही झाली. परक्यानंही कुणाला इतकं फसवू नये, आणि ही तर सख्खी आई.

ताटं वाढली. सवयीनं मृणालनं मांड्याचा तुकडा रसात बुडवला. आईनं रोजच्यासारखा आ केला.

मृणालनं तो घास स्वतःच्या तोंडात घातला आणि ताट आईच्या उजव्या हाताशी सरकवलं.