माझ्या निम्म्या ओळी

मित्रांनो, मी एक चित्रण आहे. संदीपच्या पेनड्राइव्हमध्ये राहतं. माझं वय फार नाही, पण माझं निम्मं अंग माझ्याजवळ उरलेलं नाही, म्हणून मला जुनं म्हटलंत तरी चालेल. ते अंग कसं गेलं ते सांगतं. सांगून परत येणार नाही.

माझा जन्म जव्हारजवळच्या साखरशेतला, पुंजाबाबाच्या अंगणात, भर दुपारी झाला. बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे घालून सोंगं नाचतात आणि कोणतं सोंग कोणत्या घराचं हे ठरलेलं असतं. पुंजाबाबाच्या घराकडे त्राटिकेचा मान होता. संबळ चढला की त्राटिका एका टाचेवर गिरकी घेते आणि गर्दीवर चालून जाते. डोक्यावर जड मुखवटा. चुकीच्या टाचेवर वळलात, तर मुखवटाच तुम्हाला पाडतो.

पुंजाबाबाची मुलगी हर्षदा जव्हारला शिक्षिका. तिनेच गौतम व्हिडिओवाल्याला घरी आणलं. पुंजाबाबा त्याला म्हणाला, "माझा तोंड नको काढू, त्यावर त्राटिका बसते. पाय काढ."

गौतमने पाय काढले. त्याचा नवा कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं घेत होता आणि प्रत्येक चित्र वरपासून खालपर्यंत अखंड होतं. त्या दुपारी मी पूर्ण होतं.

मग मी गौतमच्या जव्हारच्या दुकानातल्या संगणकात गेलं. फाइल तयार करून बाहेर काढताना, म्हणजे रेंडर करताना, गौतम नेहमी एकच पर्याय निवडायचा. इंटरलेस. तेव्हा पाड्यापाड्यावर खोक्याचे टीव्ही होते आणि त्यांवर चित्र एकाआड एक ओळींनी उमटायचं, आधी विषम ओळी, मग सम. एकदा गौतमची सेटिंग चुकली, तर जामसरच्या लग्नातली नवरी टीव्हीवर थरथरत राहिली. नवरीच्या अंगात आलंय असं दिसतं म्हणून अख्खं वऱ्हाड जीप करून दुकानात भांडायला आलं. त्या दिवसापासून संगणकाला चिकटपट्टी लागली: इथे हात लावू नये.

कोणी लावला नाही. माझ्या पहिल्या चित्राच्या विषम ओळी ठेवल्या, सम फेकल्या. दुसऱ्याच्या सम ठेवल्या, विषम फेकल्या. दोन क्षणांची दोन अर्धी एकमेकांत विणली. मला विचारलं नाही. चित्रणाला विचारायची पद्धत नसते. कॅमेऱ्याच्या कार्डावर माझं अखंड रूप होतं, पण दुसऱ्या दिवशी दाभोशाला लग्न होतं. कार्ड पुसलं गेलं.

तरी माझे चांगले दिवस आले. पुंजाबाबाच्या घरच्या खोक्यावर मी सुरेख दिसायचं. पाडा जमायचा. पुंजाबाबा स्वतःचे पाय बघून हसायचा आणि म्हणायचा, हा कोण म्हातारा, बरा नाचतो.

मग तो खोका बिघडला. पुंजाबाबाचा मुलगा संदीप ठाण्याला कामाला होता, त्याने भिंतीवरचा सपाट टीव्ही आणला. मी पेनड्राइव्हमध्ये पडून राहिलं. मग पुंजाबाबा गेला.

मान आता संदीपकडे आला. बापाची गिरकी त्याने नीट कधी पाहिलीच नव्हती. बोहाड्याच्या दिवसांत तो ठाण्यातच असायचा. आपल्याकडे चित्रण आहे, या भरवशावर तो निवांत होता. बोहाडा तोंडावर आल्यावर त्याने मला सपाट टीव्हीला लावलं. उभा पुंजाबाबा स्वच्छ दिसला. मग तो हलला, आणि मी असं दिसलं:

डावी टाच जमिनीवर आहे
          डावी टाच हवेत आहे
उजवा पाय उचलायचा आहे
          उजवा पाय टेकला आहे
मान अजून समोर आहे
          मान वळून झाली आहे

प्रत्येक चित्रात दोन क्षण, दोन्ही अर्धे. पायांना फणीचे दात फुटलेले. संदीपने मला थांबवलं, पुढे नेलं, मागे नेलं, पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजल्या. भार कोणत्या टाचेवर, हे त्याला कळेना. मला माहीत होतं. दाखवायला ओळी नव्हत्या.

त्याने जव्हार गाठलं. गौतमने दुपारभर खटपट केली. दात गेले, पण पाय धुक्यासारखे झाले. शेवटी गौतम मान खाली घालून म्हणाला, "तुझ्या जुन्या खोक्यावर लाव. त्यावर बरोबर दिसेल."

खोका शेजारच्या कमूमावशीने नेला होता. संदीप धावत गेला. कमूमावशीने आतलं सगळं काढून टाकलं होतं आणि आत कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. मावशी म्हणाली, उठवू नको तिला, चोच मारेल. मग त्याने पाडाभर विचारलं. खोका कुठेच नव्हता. ज्यांच्यासाठी मला कापलं, ते टीव्हीच उरले नव्हते.

त्याने आईला, बाळीला विचारलं. एवढी वर्षं समोर बसून पाहिलंस, कोणती टाच?

"पाय मी कधी नाय पाहले," बाळी म्हणाली. "मुखवट्याच्या भोकांतून त्याला वाट दिसते ना, तेच पाहत होती."

बोहाडा आला. संदीपने मुखवटा चढवला. बारक्या संबळ वाजवत होता. गिरकीची जागा आली आणि माझ्यात जिथे चित्र फाटतं, तिथे संदीप उभा राहिला. बारक्याने तोच ठेका पुन्हा घेतला, पुन्हा घेतला, वाट पाहिली. मुखवटा थोडा डावीकडे कलला, थोडा उजवीकडे. मग त्राटिका न वळता सरळ चालून गेली. बाळी भोकांकडेच पाहत होती.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्हाला कापायचं तर कापा, तुमच्या टीव्हीला लागतं तसं करा, पण आमचं अखंड रूप कुठेतरी जपून ठेवा. आम्हाला हाका मारता येत नाहीत.

त्या दिवशी हर्षदाने मोबाइलवर संदीपचं सोंग टिपलं. ते चित्रण आता माझ्या शेजारीच, याच पेनड्राइव्हमध्ये राहतं. पुढे या घरातलं जे कोणी त्राटिका शिकेल, ते त्यालाच पाहून शिकेल. ते वरपासून खालपर्यंत अखंड आहे, एकही ओळ हरवलेली नाही. फक्त त्यात गिरकी नाही.