चार पौंडांसाठी घर

ऑक्टोबरात स्टेफा तळघरात पडली आणि तासभर तिला उठताच येईना. तेव्हापासून लेकीने, लारिसाने, धोशाच लावला.

"यॉर्क्टनचं घर विकून टाक, आई. रेजायनाला माझ्याजवळ ये. मला तुझी काळजी वाटते."

"मी बहात्तरची आहे, बाराशेची नाही."

शेवटी पैजच लागली. पाणी मऊ करायच्या यंत्राला लागणारी मिठाची वीस किलोंची गोणी स्टेफाने ईस्टरला एकटीने गाडीतून तळघरात न्यायची. जमलं नाही तर घराबाहेर 'विकणे आहे'ची पाटी. लारिसा हट्टी खरी, पण तो गुण तिने काही बाजारातून आणला नव्हता.

स्टेफाने जिम गाठली आणि तिथली गुलाबी, चिमुकली वजनं उचलली. शिकवणारी ब्रिन वयाने नात, शिस्तीने सासू.

"ठेवा ती खाली. तुमची बटाट्यांची पिशवीसुद्धा याहून जड असेल. हाडं बळकट व्हायला जड वजन लागतं, संशोधन आहे तसं. हा दांडा जमिनीवरून पाचदा उचला, बसा, पुन्हा पाचदा."

"संशोधन करताना माझ्या गुडघ्यांना विचारलं होतं का?"

"तुमच्याच वयाच्या बायकांना विचारलं होतं. त्याही अशाच कुरकुरल्या असणार."

ब्रिन हळूहळू वजन वाढवायची आणि वहीत आकडा लिहायची. पण ईस्टर तोंडावर आला तरी आकडा चाळीसच. स्टेफाचा जीव टांगणीला लागला. ती जन्मभर पौंडांत मोजत आलेली. वीस किलो म्हणजे चव्वेचाळीस पौंड, हे तिने घोकून ठेवलं होतं. चार पौंडांपायी घर जाणार! तिला रडूच फुटलं.

"चव्वेचाळीस पौंड काही माझ्याच्याने होत नाहीत गं, ब्रिन."

"पौंड? अहो, दांड्याला लावलेल्या या चकत्या किलोच्या आहेत! अठ्ठ्याऐंशी पौंड उचलताय तुम्ही!"

स्टेफा मटकन बाकावर बसली. "बरं झालं बोलली नाहीस. आधी कळतं तर मी हातसुद्धा लावला नसता."

ईस्टरला तिने गोणी उचलली, पायऱ्या उतरली, ठेवली आणि वर आली. गाडीत दुसरी गोणी होती.

"ही तू आण," ती लारिसाला म्हणाली.

लारिसा दोन पावलं गेली आणि गोणी खाली टेकवून कंबर धरून उभी राहिली. स्टेफाने ती गोणीही उचलली.

"लारिसा," ती जिन्यावरून म्हणाली, "तूच माझ्याजवळ राहायला ये. मला तुझी काळजी वाटते."