माझा बिनठिपक्याचा बोकड

मी एक म्हातारी काळी शेळी आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते; तुमच्यात मित्र कोण आणि सुरीवाला कोण, हे मला कुठे कळते?

आमची जात उस्मानाबादकडची. अंग काळेभोर, पाय उंच, कान लांब लोंबते. एखादीच्या कानांवर पांढरे ठिपके असतात. बोरीबाभळीच्या पाल्यावर आम्ही उन्हाळा काढतो आणि बहुधा जुळी पिल्ले देतो. तरी गाईला माय म्हणतात आणि आम्हाला काठी दाखवतात.

झरी गावाजवळच्या एका खेड्यात मी सटवाजीच्या घरी होते. राज्य निजामाचे होते, पण माझ्यावर सटवाजीचे. तो मला अवदसा म्हणे. मीही संधी मिळताच त्याच्या धोतराचा सोगा चावून ठेवी.

एका साली मला दोन बोकड झाले. एकाच्या कानांवर ठिपके, दुसरा नखशिखांत काळा. त्याच सुमारास सटवाजीची सून कावेरी बाळंत झाली. तिला दूध येईना. पोर सुकत चालले, तेव्हा सासू धुरपताबाई वाटी घेऊन माझ्याकडे आली. आधी पिल्लांना दोन घोट पिऊ द्यायचे आणि पान्हा सुटला की त्यांना ओढून बांधायचे. माझे दूध कापसाच्या बोळ्याने उद्धवच्या तोंडात पिळत. माझी लेकरे अर्धपोटी राहिली, उद्धव गुटगुटीत झाला.

मला वाटले, आता तरी काठी थांबेल. पण सटवाजीने म्हसोबाला नवस केला होता: नातू जगला, तर बिनठिपक्याचा काळा बोकड देईन.

"अवं, पोर जगलं ते हिच्या दुधावर," धुरपताबाई म्हणाली. "अन् हिचंच लेकरू कापायलाव?"

"देवाचं देवाला. तू गप बस."

म्हसोबाचा दगड शेताच्या बांधावर होता. मला जवळच खुंट्याला बांधले होते. रीत अशी की बोकडावर पाणी शिंपडायचे. त्याने अंग झाडले तर देवाने मानले. नाही झाडले तर सोडून द्यायचे. सटवाजीने पाणी शिंपडले. माझे लेकरू उभेच. पुन्हा शिंपडले. ते हलले नाही.

"सटवाजी, देवाला नको हाय," माणसे म्हणू लागली. "सोडा त्याला."

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात सटवाजी वाकला, लेकराचा लांब कान वर उचलला आणि तांब्या सरळ आत ओतला. मग कोण अंग झाडणार नाही?

"मानलं! देवानं मानलं!" तोच सगळ्यांच्या आधी ओरडला. लेकरावर सुरी फिरली तेव्हा माझी मान सोलून निघेपर्यंत मी दावे ओढले. दावे तुटले नाही.

दुसऱ्या सकाळी मी पान्हा चोरला आणि लाथेने वाटी उडवली. सटवाजीने काठी उगारली. मी शिंगे रोखली. घरात उद्धव दिवसभर भुकेने रडत होता. रडू दे, मी म्हटले.

सांजेला कावेरी पोराला घेऊन आली. सासऱ्यापुढे कधी तोंड न उघडणारी ती पदराआडून बोलली, "मामंजी, आधी काठी टाका. तुमी कानात पाणी वतलेलं म्या पाहिलंय."

सटवाजीने काठी टाकली. कावेरीने उद्धवला थेट माझ्या कासेखाली धरले. मी पाय उचलला. माझा खूर त्याच्या तोंडावर होता. त्याने डोळे मिटून ओठ पुढे केले आणि थान शोधू लागला, माझा काळा शोधायचा तसाच. मी पाय बाजूला ठेवला. दूध आपोआप उतरले. मला त्याचा रागही आला आणि मायाही.

आता निजाम गेला म्हणतात. सटवाजी आहे, आणि त्याला मी अजून शिंगे दाखवते. उद्धव मला पाला आणून देतो, तो मी खाते.

मित्रांनो, ज्याचे दूध प्याल, त्याच्या लेकराला जगू द्या. आणि स्वतःचा हट्ट देवाच्या माथी मारू नका. म्हसोबाने माझे लेकरू घेतले नाही. तो तर दोनदा नाही म्हणाला होता.