शेंदराखालचं वळण

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. कुंभिवलीजवळच्या उतारावर, सडकेच्या कडेला उभा असतो. स्वतःबद्दल सांगताना मान वर होत नाही, तरी ऐका.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत या सडकेवर मोटारी वाढल्या, तेव्हा पाथरवटानं मला घडवलं. सडकेच्या माणसांनी अंगाला चुना दिला, वर लाल त्रिकोण काढला आणि खाली डावीकडे वाकलेली काळी रेघ. पुढं रस्ता एकदम डावीकडे वळतो, गाडी हळू घ्या, एवढंच मला सांगायचं होतं. गावच्या माणसाला माझी गरज नव्हती. नवखा ड्रायव्हर मात्र माझ्या भरवशावर जीव घेऊन यायचा.

गाडीवान माझ्यावर पानाची पिंक टाकत. पण लॉऱ्या मला पाहून हळू होत, त्यातच माझं समाधान होतं.

मग गावातल्या कोंडीबाईंचा येसाजी लॉरीवर ड्रायव्हर झाला. आईचा जीव! एका शनिवारी तिनं मला तेलशेंदूर लावला. "माज्या येसाला सांबाळ रं बाबा."

येसाजी हसला. "आये, ह्यो देव नाय, सडकंचा दगड हाय."

"तू गप रं! देव काय तुला इचारून बसतो?"

येसाजी सुखरूप येत राहिला आणि दगड पावतो अशी बोलवा झाली. बाया येऊ लागल्या. शेंदराचे थर चढले. आधी रेघ बुजली, मग त्रिकोण. मला ते गोड लागलं, मित्रांनो. माळा घालून घेताना मी मुका झालोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पोशीरचा कान्हा येसाजीच्या हाताखाली कर्जतच्या रस्त्यावर शिकलेला. भाताच्या गोणी घेऊन या वाटेनं तो प्रथमच एकटा आला, मागून येसाजीची लॉरी. कान्हा वळलाच नाही. सरळ बांध ओलांडून गाडी शेतात कलंडली.

येसाजीनं त्याला बाहेर ओढलं. उजवा हात कोपरापासून लोंबत होता.

"येसादादा, तू शिकवलंस, लाल तिकोन दिसला का बिरेक. मी तिकोनच शोधीत व्हतो रं. हितं देव दिसला. हात जोडले."

"दोनी?"

"मंग एका हातानं पाया पडत्यात काय?" तो कळवळून म्हणाला, आणि रडू लागला. "घरी आयेला काय सांगू?"

तेलाची वाटी घेऊन आलेल्या कोंडीबाईंनी हे सारं ऐकलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. मग करवंटीनं मला खरवडू लागल्या. "चुकलं रं बाबा, मीच तुजं तोंड झाकलं." शेंदराबरोबर चुनाही निघाला, रेघही गेली. मी कोरा उरलो.

सडकेची माणसं रंग घेऊन येईपर्यंत कोंडीबाई रोज माझ्याशेजारी उन्हात उभ्या राहिल्या, वळणाच्या दिशेनं हात लांब करून.

"म्हातारे, लॉरीत बसायचंय का?" एक ड्रायव्हर ओरडला.

"वळण हाय रं लेकरा, हळू घे!"

माझं काम ती माउली करत होती. मी नुसता उभा होतो.

कान्हाचा हात जुळला, पण स्टेरिंग फिरवण्याइतका नाही. आता तो पोशीरला दुसऱ्याच्या गोणी मोजतो.

मित्रांनो, देवाला मनोभावे तेल घाला, देवळात. सडकेच्या खुणा मात्र उघड्या राहू द्या. आणि गाडी घेऊन माझ्यापाशी आलात, तर मला नमस्कार नको. मला वाचा.