बोर्डाला हात लावायचा नाही

यमुताईंनी ट्रंक कॉल बिघडवला, असं बावीस वर्षांत कोणी म्हटलं असेल तर त्याची जीभ झडो. नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात जिन्याखाली त्यांची खोली, खोलीत टेलिफोनचा बोर्ड, आणि बोर्डासमोर डोक्याला हेडफोन लावून यमुताई. कॉलेजातला एकूण एक फोन त्यांच्या हातून बाहेर जायचा. परगावचा ट्रंक कॉल लागला की दर दोन मिनिटांनी कळ दाबून त्या मध्येच विचारायच्या, "हॅलो, आवाज येऊन राहिला ना?" मुंबईचा आवाज बुडाला तर तिकडचं वाक्य इकडे सांगायच्या, इकडचं तिकडे. लाईन अगदीच खराब निघाली तर पटकन तोडून दुसरी मागून द्यायच्या. गणिताच्या बाबाराव सरांचं लग्न असं यमुताईंच्याच तोंडून जुळलं. मुलीकडच्यांनी मानाची साडी सासूच्या आधी यमुताईंना नेसवली, खोटं नाही सांगत.

तर सत्त्याऐंशीच्या एप्रिलात दिल्लीच्या मनात आलं की देशातल्या विद्यापीठांचे कॉम्प्युटर तारेनं एकमेकांना जोडायचे. इथल्या प्राध्यापकानं इथंच बसून मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायचं. ऐकून अर्धं कॉलेज हसलं. कृष्णकांत सर तेवढे हसले नाहीत. हा भिवापूरचा माणूस तीन वर्षं सायकलवर जिल्हाभर हिंडून विहिरींत दोरी सोडत होता. कोणत्या गावचं पाणी किती खोल गेलं, ते मोजत होता. ते आकडे भोकं पाडून कॉम्प्युटरच्या कार्डांवर चढवायचे, कार्डांची खोकी घेऊन रेल्वेनं मुंबई गाठायची, तिथं आठवडाभर रांगेत बसायचं. एकदा एक कार्ड उलटं लागलं म्हणून सगळं मुसळ केरात गेलं आणि सर रडत परत आले. आता त्यांचं शेवटचं गणित मुंबईला तयार होऊन पडलं होतं, फक्त इकडे यायचं होतं.

दिल्लीहून ताराचंद साहेब जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी घेऊन आले. मोडेम म्हणतात तिला. पेटी फोनला जोडायची, पलीकडे मुंबईला तशीच दुसरी, की दोन कॉम्प्युटर बोलू लागतात. पण साहेबांची अट कडक होती. शनिवारी पाचच्या आत मुंबईची एक अख्खी फाईल न तुटता इथं उतरली तर पेटी नागपूरची.

"नहीं तो प्रोफेसर साहब, भोपालवाले कब से माँग रहे हैं," साहेब पान चघळत म्हणाले.

भोपाळचं नाव निघाल्याबरोबर कृष्णकांत सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

गुरुवारी कॉल लावला. दोन मिनिटांत तुटला. शुक्रवारी तीनदा लावला, तीनदा तुटला. कोणी म्हणालं उन्हानं तार ढिली पडली, कोणी म्हणालं खारीनं कुरतडली. शिपाई नत्थू, येत्या दिवाळीला रिटायर होणारा, शिडी लावून गच्चीपर्यंत तार हातानं चाचपून आला. कुठं काही नाही! घोडं दुसऱ्या मिनिटालाच पेंड खात होतं आणि का खातंय ते भल्याभल्यांना कळेना.

शनिवारी साडेतीनला कृष्णकांत सर खाली आले. चेहरा पार उतरलेला.

"यमुताई, आता कॉल मागू नका. संध्याकाळच्या गाडीनं मीच जाऊन राहिलो मुंबईले. पेटी भोपाळले जाईल."

यमुताईंना भडभडून आलं. "असं काहून म्हणता सर? मी इतकी झटून राहिली. चारही वेळा लाईन खराब निघाली, चारही वेळा मी तुमच्यासाठी नवी मागितली."

"खराब? तुमाले कसं कळलं?"

"ऐकलं ना! माणसाचा आवाजच नव्हता. नुसती शिट्टी अन् खरखर."

कृष्णकांत सर मटकन स्टुलावर बसले. मग त्यांनी तोंड वर करून आवाज काढला, "कीऽऽऽ खर्र खर्र कीऽऽऽ. असा?"

"अस्साच!"

"यमुताई, तोच तर कॉम्प्युटर होता. असाच बोलते तो."

अव्वो माय! यमुताईंच्या पायाखालची जमीन सरकली. चांगलं चाललेलं बोलणं त्यांनी स्वतःच्या हातानं चारदा तोडलं होतं, आणि वर "मुंबई, माफ करजो, लाईन खराब हाय" असं कॉम्प्युटरला सांगितलंही होतं! त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "सर, मीच तोडलं. मले माफ करा," त्या म्हणाल्या. लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

आणि कृष्णकांत सर? ते हसू लागले. असे हसले की स्टुलावरून घसरले. खार नाही, ऊन नाही, यमुताई! "लावा, लावा! किती वाजले? आता जमते!" म्हणत ते उठले.

"थांबा," यमुताई डोळे पुसून म्हणाल्या. "फाईल किती वेळाची?"

"पंचवीस मिनिटं."

"मग नाही जमत. तिसऱ्या मिनिटाले ट्रंक ऑफिसवाली मध्ये येते, वेळ वाढवू का म्हणून विचारते. ती नाही आली तर मुंबईवाली येते. तुमचा कॉम्प्युटर काय उत्तर देईन तिले?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. चारही वेळा कॉल तिसऱ्या मिनिटापर्यंत पोचलाच नव्हता, त्यामुळे ही गोष्ट ना सरांना ठाऊक, ना दिल्लीला. यमुताईंनी पुन्हा हेडफोन चढवला आणि ट्रंक ऑफिसातल्या प्रेमिलाला धरलं. सतरा वर्षं दोघी रोज बोलत होत्या, तोंड मात्र एकमेकींचं पाहिलेलं नव्हतं.

"प्रेमिला, ऐक वं. मुंबई लावून दे, अन् अर्धा तास आत्ताच लिहून टाक. मध्ये विचारायचं नाही. शिट्टी येवो, भूत येवो, कान लावायचा नाही. मुंबईच्या बोर्डावरच्या शामलाबाईलेही सांग."

"काहून वं? कोण बोलून राहिलं एवढं?"

"दोन मशिनी."

मग प्रेमिला म्हणाली, "तू म्हणून राहिली ना, मग बस झालं."

चार वाजून दहा मिनिटांनी कॉल लागला. यमुताईंनी प्लग बसवला, बोर्डावरचा बारका दिवा पेटला. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जाते होय? बोटं आपसूक कळीकडे निघाली. मग त्यांनी हेडफोन काढून टाकला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून त्या हातांवर बसल्या.

वर कॉम्प्युटरच्या खोलीत छपाईचं मशीन कडकड करू लागलं. एकेक गाव, एकेक विहीर. कृष्णकांत सर नाव वाचायचे आणि नत्थू जिन्यात उभा राहून एसटीच्या कंडक्टरसारखा ओरडायचा, "कुही! काटोल! कळमेश्वर!" जिन्यात पोरं जमली, कारकून जमले. "आलं रे माझं नरखेड!" म्हणून एकानं टोपी उडवली. पारशिवनीला शिट्ट्या पडल्या. हुडकेश्वरला कॅन्टीनवाल्या सिंधूताई झारा घेऊनच नाचल्या. नुसता दंगा!

इकडे बोर्डावर प्राचार्यांचा दिवा लुकलुकत होता. त्यांना फोन हवा होता. यमुताई हलल्या नाहीत. शेवटी प्राचार्य मनोहरराव स्वतः खाली आले.

"यमुताई, मी दहा मिनिटांपासून..."

"चूप बसा, सर!"

मनोहरराव चूप बसले. कॉलेजात हे प्रथमच घडत होतं.

चार तेहतीसला नत्थू गप्प झाला. मशीनची कडकड थांबली. वरून कृष्णकांत सरांची किंकाळी आली, "यमुताई, लाईन हाय का? पाहा जरा!"

"पाहा ना!" जिन्यातले सगळे ओरडले. "एकदा हॅलो करून पाहा!"

बावीस वर्षांची सवय यमुताईंच्या कानात कोकलत होती, दाब कळ, विचार. पण दिवा जळत होता. "लाईन हाय!" त्या ओरडल्या. "मशीन दम घेऊन राहिली असन! मी नाही हात लावणार!"

"मी पाहतो," म्हणत मनोहररावांनी कळीकडे बोट नेलं. यमुताईंनी खांद्यानं असा धक्का दिला की प्राचार्य थेट दाराशी. स्वतःच्या प्राचार्याला! पण तिथं त्या वेळी ब्रह्मदेव आला असता तरी त्यालाही धक्काच मिळाला असता.

एक मिनिट. दीड मिनिट.

कडकड... कडकड... "भिवापूर!" नत्थूचा गळा बसला होता. "उमरेड! रामटेक! सावनेर! झालं! झालं बापा, अख्खं झालं!"

चार अडतीस. गंगेत घोडं न्हालं. मनोहरराव धोतर सावरत पोरांसारखे जिना चढून पळाले. वर बाक वाजत होते, कृष्णकांत सरांनी नत्थूला उचलून गरगर फिरवलं, ताराचंद साहेबांनी पान थुंकून "मशीन यहीं रहेगी!" असं तीनदा जाहीर केलं.

मग साहेबांनी रिपोर्टचा कागद काढला. "प्रोफेसर साहब, ये बताइए, लाइन संभालने के लिए कौन सा उपकरण लगाया?"

"चला, दाखवतो," कृष्णकांत सर म्हणाले.

सगळे धाडधाड खाली उतरले. खोलीत यमुताई एकट्या होत्या, हातांवर बसलेल्या, नजर दिव्यावर, कपाळावर घाम. वरचा जल्लोष त्यांनी ऐकला होता, पण कॉल संपला असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"सर," त्यांनी मान न वळवता विचारलं, "हात काढू का?"

"काढा, यमुताई," सर म्हणाले.

ताराचंद साहेबांनी यमुताईंसमोर वाकून हात जोडले. यमुताईंना उलट नमस्कार करायचा होता, पण दोन्ही हातांना अशा मुंग्या आल्या होत्या की ते उठेचनात. त्या हसतच सुटल्या, आणि साहेब हात जोडून तसेच उभे राहिले.