गुण कड्याचा की हाताचा?

बँकेच्या वरच्या मजल्यावरचा हॉल त्या संध्याकाळी इतका भरला होता, की उशिरा आलेल्यांना जिन्यातच उभं राहावं लागलं. इमारतीला लिफ्ट होती, पण जिन्यानंच यायचं असा गुरूंचा दंडक. पायऱ्या चढताना अहंकार गळतो म्हणे. अहंकाराचं माहीत नाही, घाम मात्र सगळ्यांचा गळत होता. धापा टाकत वर आलेल्या माणसाला गुरूंचा चेला दारातच उभा करायचा, हात सरळ खाली सोडायला लावायचा, मनगटाला प्रेशरचं मशीन बांधायचा आणि आकडा खणखणीत आवाजात वाचायचा. मग गुरू त्याच्या हातात धातूचं कडं चढवायचे, खुर्चीत बसवायचे आणि डोळे मिटून तो तळहात डोक्यावर ठेवायला सांगायचे. स्वतःच स्वतःला आशीर्वाद द्यायचा. थोड्या वेळानं मशीन पुन्हा चालवलं, की आकडा धाडकन खाली. हॉलभर टाळ्या.

"गोळी म्हणजे अंगात घुसलेला परका माणूस," गुरू सांगत होते. "आणि पाण्याची गोळी तर चोरच. तुमच्यातला ओलावा पळवते. कडं घाला, गोळ्यांना निरोप द्या."

मागच्या रांगेत बसलेल्या थोरलीचं लक्ष गुरूंकडे नव्हतं. ते होतं पहिल्या रांगेत, सासूबाईंच्या शेजारी मानानं बसवलेल्या तिच्या जावेकडे.

दोघी जावा मिळून लाँड्री चालवत. थोरली आत इस्त्रीवर, धाकटी पुढे काउंटरवर. प्रेशर दोघींनाही होतं. थोरलीला एक गोळी पुरत होती. धाकटीचं हृदय जरा अशक्त, अंगात पाणी साठू नये म्हणून तिला पाण्याची गोळीही होती. पण कडं घातल्यापासून धाकटीनं दोन्ही गोळ्या बंद केल्या होत्या, आणि कपडे घ्यायला येणारा प्रत्येकजण तिची कहाणी ऐकून जात होता. सासूबाई तर येताजाता ऐकवत, की तिची श्रद्धा खरी, म्हणून तिला गुण आला. तू बस गोळ्या गिळत. आत वाफेत उभ्या असलेल्या थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणूनच तिची नजर जावेवरून हटत नसे. धाकटीचे पाय सुजलेत, चपलेचा पट्टा रुततोय, बोलता बोलता तिला श्वासासाठी थांबावं लागतंय, हे सगळं तिनं पाहिलं होतं. पण बोलली नव्हती. बोलली असती तर हिच्या पोटात दुखतंय असंच लोक म्हणाले असते. आणि दुखत तर होतंच. त्यापेक्षा आपणही कडं घालावं आणि जावेपेक्षा जास्त उतरून दाखवावं, असं ठरवून ती आज आली होती.

दारात तिचा आकडा एकशे सत्तर आला होता. पाळी आल्यावर कडं चढलं, हात डोक्यावर गेला, आणि आकडा आला एकशे बारा. टाळ्या झाल्या. सासूबाईंनी चक्क मान डोलावली. थोरलीला आभाळ ठेंगणं झालं.

लगेच गुरूंनी धाकटीला बोलावलं, नमुना म्हणून. ती खुर्चीपर्यंत पोचली तीच दमून. डोक्यावर ठेवलेला हात तिला पेलेना, तो घसरून खुर्चीच्या बाजूला लोंबला, आणि चेल्यानं सवयीनं आकडा वाचला: एकशे शहात्तर. गुरूंनी घाईघाईनं तिचा हात उचलून डोक्यावर दाबून धरला. आकडा उतरला. लोक गुरूंच्या चेहऱ्याकडे बघत होते. थोरली बघत होती जावेच्या हाताकडे.

ती उठली. आपलं कडं काढून तिनं टेबलावर ठेवलं, हात डोक्यावर घेतला आणि मशीन लावायला सांगितलं. चेला घुटमळला, पण रांगेतले लोक म्हणाले, लाव की. आकडा एकशे बारालाच चिकटून. मग तिनं कडं चढवलं आणि उभं राहून हात खाली सोडला. आकडा सरसर वर.

"कडं काढलं तरी उतरतंय, घातलं तरी चढतंय," ती म्हणाली. "मग गुण कड्याचा की हाताचा?"

शंका आली की शक्ती निघून जाते, असं गुरू म्हणाले. मागून कोणीतरी विचारलं, की मशीनलाही शंका आली का. हॉल हसला. धाकटीही हसायला गेली आणि तिला श्वासच घेता येईना.

थोरलीनं तिला लिफ्टनं खाली आणलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी फुफ्फुसात पाणी साठल्याचं सांगून तिला दाखल करून घेतलं. पाणी उतरल्यावर त्यांनी घरच्यांना बसवून समजावलं. मनगट हृदयापेक्षा खाली असलं की मशीन जास्त दाखवतं, वर असलं की कमी. त्यात जिन्याची धाप. म्हणून आधी शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मशीन हृदयाच्या पातळीवर. पाण्याची गोळी ओलावा चोरत नाही, साठलेलं जादा पाणी लघवीवाटे काढते. म्हणून ती सकाळी घ्यायची आणि वजन रोज बघायचं. वजन भराभर वाढलं, चक्कर आली किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर लगेच फोन करायचा.

"आकडा चांगला आला म्हणून गोळी सोडायची नसते," त्या म्हणाल्या. "गोळी चालू असते म्हणून आकडा चांगला येतो."

त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात दोघीच असताना धाकटी हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला एक गोळी, मला दोन. एका तरी गोष्टीत तुमच्यापुढे जावं असं वाटलं."

आपला हेवा करण्यासारखं कुणाला काही दिसत असेल, हे थोरलीच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"सुजलेले पाय मला दिसत होते," ती म्हणाली. "तेव्हाच बोलायला हवं होतं."

गुरूंचा हॉल पुढच्या आठवड्यात रिकामा झाला. धाकटी बरी होईपर्यंत काउंटर थोरलीकडे आलं. कुणी कड्याची चौकशी केली की ती कपडे मोजता मोजता सांगायची, चमत्कार दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, तो तुम्हाला काय करायला लावतो ते बघा. मग ते न करता काय होतं तेही बघा. आणि गोळी सोडावीशी वाटली, तर ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना आधी विचारा.